खिडकीच्या पेटीतला दोरा

माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप हलतं. संध्याकाळी टीव्हीपुढे बसलेली असते, हात मांडीवर, आणि बोट हळूच आत वळतं, जरासं ओढतं आणि सुटतं. सून म्हणते, "आई, कुणाला बोलावताय?" मुलगा डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागला होता. मी म्हटलं, बाबा, याला औषध नाही. हा आजार नव्हे, ही नोकरी आहे. मी सोडली, बोटानं सोडली नाही.

नोकरी होती रात्रपाळीची. सोलापुरातला एक दवाखाना, सत्तर सालानंतरची वर्षं. मी काही फार शिकलेली नव्हे. सातवी झाले, नर्सिंगचं थोडकं ट्रेनिंग झालं, पुढचं सगळं त्या एका खोलीनं शिकवलं. लिहायचं तर मला कुणीच शिकवलेलं नाही, म्हणून बोलते तशीच लिहिणार आहे.

आमची खोली म्हणजे दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळांची खोली. कुणी सातव्या महिन्यात आलेलं, कुणी आठव्यात. आता अशा खोलीला मोठं इंग्रजी नाव असतं, आत टुकटुक वाजणारी यंत्रं असतात. आमच्या दारावर 'आवाज करू नये' एवढीच पाटी होती, आणि ती मोठ्यानं वाचून दाखवणारे नातेवाईक व्हरांड्यात असायचे. आत चार पेट्या. सुतारानं केलेल्या, वर काच, खालच्या कप्प्यात बल्ब. बल्बची ऊब वर बाळाला लागायची. देणगीत आलेली एक खरी परदेशी पेटीही होती, पण तिचा कुठलासा भाग बिघडला आणि तो सोलापुरात काय, पुण्यातही मिळेना. मग तिच्यात आम्ही धुतलेली लंगोटं ठेवायला लागलो. सोलापुरातलं सगळ्यात महागडं कपाट, असं म्हणायचो तिला. वीज गेली की गरम पाण्याच्या पिशव्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून बाळांच्या दोन्ही बाजूंना. उन्हाळ्यात सगळं सोलापूर अंगणात खाटा टाकून तळमळायचं आणि मी दारं-खिडक्या लावून बल्बपाशी बसलेली.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगितली तर खरी वाटत नाही. ही बाळं श्वास घ्यायला विसरतात. पुऱ्या दिवसांचं बाळ सगळं शिकून येतं, ही शाळा अर्ध्यात सोडून आलेली. घेतायत, घेतायत आणि मधेच थांबतात. रडत नाहीत, धडपडत नाहीत. ओठाभोवती निळसर दिसायला लागतं, बस. अशा वेळी तळपायाला टिचकी मारली की दचकतात आणि पुन्हा सुरू होतात. पण टिचकी वेळेवर पडली पाहिजे. आणि दर टिचकीला पेटी उघडली तर आतली ऊब निघून जाते. त्यातून बाळं चार आणि मी एक.

यावर तोड आमच्या मोठ्या सिस्टरनी शिकवली होती, सुशीलाबाईंनी. बाळाच्या घोट्यात मऊ सुताचा सैल फास, आपलं बोट जाईल एवढा सैल. दोऱ्याचं दुसरं टोक पेटीच्या भोकातून बाहेर. मधोमध स्टूल टाकून मी बसायची आणि चारही टोकं हातात. एकाला शर्टाचं बटण बांधलेलं, एकाला मणी, एकाला जुनी किल्ली, एकाला नुसती गाठ, म्हणजे न बघता कळावं कुणाचं कोणतं. डोळे काचेवर. छाती थांबलेली दिसली की त्या दोऱ्याला बोटानं एक हिसका. पाय हलतो, बाळाला आठवण होते. दोन-तीन तासांनी दूध देताना फास या पायातून त्या पायात, नाहीतर कातडीवर वळ उठतात. एक विणकर बाप दाराच्या फटीतून हे बघून म्हणाला होता, "सिस्टर, तुमचाबी माग हाय की! आमचा रातभर खडखडतो, तुमचा मुका हाय."

बाळांना आम्ही नावं द्यायचो नाही. तो आमचा अलिखित नियम. दाराची, खिडकीची, भिंतीची, कपाटाजवळची, अशा पेट्या आणि तशीच बाळं. नाव दिलं की जीव जडतो, आणि जीव जडला की रात्री बोट चुकतं.

गिऱ्हाईकं एकेक असायची. भुसार मालाचे एक व्यापारी होते, नातू दाराच्या पेटीत. रोज येऊन विचारायचे, "आज काय भाव?" म्हणजे वजन किती. वाढलं म्हटलं की व्हरांडाभर पेढे, घटलं म्हटलं की माझ्या काट्यावर संशय. एक दिवस दुकानातला तराजूच घेऊन आले. सुशीलाबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शेठ, हा माल तोलून कमी भरला तरी परत घेत नसतो आम्ही. तराजू न्या, पेढे ठेवा." नातू वाचला. आज दुकानावर तोच बसतो, आणि चांगला जाडजूड आहे.

पण सगळे वाचायचे नाहीत. हे लिहायला नको वाटतं, पण न लिहिणं खोटं होईल. काही पहाटा अशा यायच्या की मी ओढतेय, ओढतेय आणि दुसऱ्या टोकाला कुणी नाही. मग डॉक्टर यायचे, करायचं ते करायचे आणि मान हलवायचे. तो फास मीच सोडायची. कामाच्या आयांना सोडू द्यायची नाही.

आता सुमनची गोष्ट. तिच्यासाठीच तर लिहायला बसले.

सुमन वीस-बावीसची, मोहोळकडची. नवरा दगडू इथे गिरणीत, सूत तुटलं की जोडायचं हे त्याचं काम. तिची पहिलटकरणीची खेप फुकट गेलेली. ही दुसरी खेप, मुलगी, सातव्या महिन्यातच आली. तळहातावर मावावी एवढी. खिडकीची पेटी रिकामी होती, तिथे ठेवली. सुमन बायकांच्या वॉर्डात, आणि व्हरांड्यात तिची सासू, शेवंताबाई. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, आवाज पाटी फोडणारा.

पहिल्याच रात्री मला म्हणाली, "बाई, माजी चार गेली. पाचव्याचं नाव दगडू ठिवलं. दगडाला कोण नेतंय? म्हून ऱ्हायला. आता ही नात. मला लेक न्हाय, हिला न्यायची न्हाय बरं का कुणी!"

"कुणी नेत नाही, मावशी. झोपा."

"झोपा म्हनं! चार येळा झोपले नि चार येळा गेलं."

मुलगी चिवट होती. विसरायची फार, पण एका हिसक्यात परत यायची. आणि सुमनला दूध चांगलं होतं. वाटीत काढून यायचं, नळीनं थेंब थेंब पोटात जायचं. पावडरचं दूध या बाळांना सोसत नाही, पोट फुगतं, मग सगळंच बिघडतं. म्हणजे हिचं जगणं दोन गोष्टींवर टांगलेलं, आमचा दोरा आणि आईचं दूध. डॉक्टर म्हणाले, "पहिला आठवडा काढला तर काढेल."

आठवडा निघत आला होता. एके पहाटे मालन आया फरशी पुसायला आली. फिनेलचा वास कोंडतो म्हणून तिनं खिडकीची वरची फळी क्षणभर उघडली. मी त्या वेळी पाठमोरी. दाराच्या पेटीतलं बाळ थांबलं होतं, माझं सगळं लक्ष तिकडे. मागे व्हरांड्यात कुणीतरी हंबरडा फोडला. दवाखान्यात पहाटेचं रडणं नवीन नसतं. वाटलं, कुणाचं माणूस गेलं असेल. दाराचं बाळ परत आलं, मी घाम पुसला, सगळ्या पेट्यांवरून नजर फिरवली. खिडकीची मजेत झोपलेली.

उजाडल्यावर सुशीलाबाई आल्या. मी दोरे त्यांच्या हातात देत होते तेवढ्यात दारात दगडू. थेट पाळीवरून आलेला, केसांत कापसाचे तंतू. हातात कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा, नीट घडी घातलेला.

"द्या बाई," तो म्हणाला.

"काय देऊ?"

"बाळ. पुरायचं हाय. उन्हं चढायच्या आत आवरतो."

मला एकदम काही कळेचना. "कुणी सांगितलं तुला?"

"आयनं, गिरनीच्या दारात येऊन. तिनं खिडकीतनं बघितलं. पायाला दोरा बांधला हाय म्हनली."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे माणूस गेलं की त्याच्या पायाचे अंगठे दोऱ्यानं बांधतात. शेवंताबाईनं खिडकीतून काय पाहिलं? न हलणारं बाळ आणि पायात पांढरा दोरा. इतकी वर्षं तो दोरा आम्ही बांधत होतो, पण बाहेरून बघणाऱ्याला तो कसा दिसेल हे आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं. खिडक्यांच्या काचांना हिरवा रंग दिला म्हणजे बाहेरून काही दिसत नाही, अशी आमची समजूत.

मी दगडूला धरून आत ओढलं. नातेवाइकांना आत न घेण्याचा नियम गेला खड्ड्यात. काचेवर त्याचं डोकं टेकवलं. आत मुलीनं जांभई दिली, एवढीशी. दगडूनं दोऱ्यावरून नजर फिरवत फिरवत पेटीबाहेर आणली, टोकाच्या बटणापर्यंत. मी बटण जरा ओढून दाखवलं. पाय हलला. तुटलेलं सूत जोडणारा माणूस तो, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. मांजरपाट त्यानं खिशात कोंबला आणि तोंडावर हात घेऊन उभाच राहिला.

"सुमनला सांग जा," मी म्हटलं.

"ती हितं कुटं हाय! आयनं चाळीत नेली."

वॉर्डातून नेलीसुद्धा! बाळ गेलं म्हणून रडत निघालेल्या बायांना कोण अडवणार, आणि पाळी बदलायची वेळ. सुशीलाबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या एवढंच म्हणाल्या, "दूध." मलाही तेच दिसत होतं. बाळ गेलं की आईचं दूध आटवायला आपल्याकडच्या बायका छातीवर मोगऱ्याची फुलं ठेवून वरून फडकं करकचून बांधतात. एकदा आटलं की परत आणणं कठीण.

दगडू म्हणाला, "तुमी चला बाई. माजं ऐकायची न्हाय ती. तिला वाटंल समजूत घालतोय."

रात्रभर जागलेली मी, पांढरी साडी, डोक्यावर टोपी, आणि दगडूच्या सायकलच्या कॅरिअरवर. सात रस्त्यावर लोक वळून वळून बघत होते. एक टांगेवाला ओरडला, "सिस्टर, पेशंट चालवतोय नि तुमी मागं?"

चाळीत दारापुढे बायका जमलेल्या. आत सुमन भिंतीला टेकून, डोळे कोरडे, आणि सगळ्या खोलीला मोगऱ्याचा वास. तो वास मला अजून सहन होत नाही. शेवंताबाई उंबऱ्यात बसलेली.

"फडकं सोडा आधी," मी म्हटलं. "पोरगी जिती आहे."

"बाई," ती शांतपणे म्हणाली, आणि तिच्या आरड्यापेक्षा त्या शांतपणाची मला भीती वाटली, "तुमी चांगल्या हाय. पर लबाड बोलू नगा. म्या ह्या डोळ्यांनी दोरा बगितला. चौघांच्या अंगठ्याला म्याच बांदला हाय. मला दोरा वळखू येत न्हाय व्हय?"

"आये, म्या बगितली, जांभई दिली तिनं!" दगडू म्हणाला.

"बापाला दिसतंय तसं. समद्यांनाच दिसतंय."

चार लेकरांच्या पायाला दोरा बांधलेल्या बाईशी मी कुठल्या तोंडानं वाद घालणार! मी तिच्यापुढे खाली बसले. म्हटलं, "मावशी, मी खोटी ठरले तर माझी टोपी तुमच्या चुलीत घाला. पण चला. बघायला चला. आणि हिला उठवा."

"आनि न्हाय दिसलं जितं, तर?"

"तर तुमच्याबरोबर मी रडेन."

टोपीचा परिणाम झाला की रडण्याचा, देव जाणे. ती उठली. शेजारणीनं टांगा आणला. टांग्यातच मी सुमनच्या पाठीमागची गाठ सोडली, फुलं मुठीत घेऊन रस्त्यावर टाकली. सुमन घोड्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिला आशा धरायचीच भीती वाटत होती.

दारात सुशीलाबाई उभ्या. त्या सकाळपर्यंत त्यांनी त्या खोलीत नातेवाईक येऊ दिला नव्हता, एका आमदारालासुद्धा दारातून परत पाठवलेलं. त्यांनी सुमनच्या पदराकडे बघितलं, तिथे एक मोगरा अडकून राहिला होता. "हात धुवा," त्या म्हणाल्या. "कोपरापर्यंत. पायही."

सुमन पेटीशी गेली आणि काचेला हात लावून तशीच राहिली. शेवंताबाई मात्र दारापाशीच. तिची नजर दोऱ्यावर.

"या, मावशी. हे टोक धरा."

"म्या न्हाय. माज्या हातानं न्हाय. माजा हात वाईट हाय."

"हात माझा, तुम्ही नुसतं बोट द्या." मी तिला स्टुलावर बसवलं, बटण तिच्या बोटात अडकवलं आणि तिच्या बोटावर माझं बोट ठेवलं. तिची बोटं खुरप्यानं राठ झालेली, आणि बर्फासारखी गार. थोडा वेळ काहीच झालं नाही. छाती वरखाली, वरखाली. मग थांबली.

"बाई!"

"दिसलं ना? ओढा."

"बाई, थांबली की ती! गेली!"

"गेली नाही, विसरली. ओढा, मावशी!" आमची दोघींची बोटं मिळून मागे आली. आत पाय हलला. तोंड वाकडं झालं, आणि छाती वर आली.

शेवंताबाईनं श्वास सोडला तो असा की वाटावं तीच इतका वेळ विसरली होती. मग तिनं काचेकडे वाकून पहिला शब्द उच्चारला तो हा, "भवाने! असं करत्यात व्हय!" सुशीलाबाईंनी 'आवाज करू नये' म्हटलं नाही.

डॉक्टरांनी नियमाला एक अपवाद केला. त्या रात्रीपासून शेवंताबाई धुतलेला डगला घालून माझ्या शेजारी बसायची, खिडकीच्या पेटीचं बटण तिच्याकडे. मी बाकीच्या तिघांवर, आणि अर्थात एक डोळा तिच्या पेटीवरही. पण सांगते, त्या बाईची नजर हलायची नाही. दर ओढीला नातीला एक शिवी. "घे की दम, सटवे. दम घ्याया पैसं पडत्यात?" तिकडे सुमन वॉर्डात छाती शेकत बसायची. पहिले दोन दिवस वाटीत नुसते थेंब. तिसऱ्या दिवशी तिनं वाटी माझ्या हातात दिली, तळ झाकलेला होता, आणि ती पहिल्यांदा रडली. त्या दोन दिवसांत वॉर्डातल्या दुसऱ्या एका आईनं आपलं काढून दिलेलं, तिचं नावही विचारायचं राहून गेलं. ही रुखरुख आहे.

शेवंताबाई चुकली होती असं मी सगळ्यांना हसत सांगायची. पण मनात यायचं, अगदीच चुकली नव्हती ती. तोच दोरा काही पहाटे तिला वाटला तसाच ठरायचा, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. म्हणून मी पुढे प्रत्येक आईला आणि आजीला पहिल्याच दिवशी दोरा दाखवायला लागले, हातात द्यायला लागले. हे आधीच सुचायला हवं होतं.

आमच्या कामात दोरा बांधणं सोपं, सोडणं अवघड. बाळ विसरायचं कमी होतं, मग दिवसेंदिवस होत नाही, तरी सोडवत नाही. खिडकीची भरली, गाल आले, आणि एका रात्री मी फास काढून घेतला. शेवंताबाईनं माझा हात धरला. "आजची रात ऱ्हाऊ द्या की."

"दोऱ्याशिवाय आजचीच रात्र काढायची आहे तिला."

ती रात्र आम्ही दोघी मोकळ्या हातानं बसलो. तिचं बोट वाकलेलंच, हवेत. मला हसू आलं, मग बघितलं तर माझंही तसंच. पोरगी आमच्याकडे लक्ष न देता झोपली, उठली, रडली, झोपली.

बारशाला दगडू बोलवायला आला, "मला भईन न्हाय, आय म्हनती आत्या म्हून तुमीच या." आता नाव ठेवायचं आत्यानं. आणि मी तर त्या खोलीत कधी कुणाला नाव दिलेलं नाही. चाळीतल्या बायका आपसांत ठरवूनच बसलेल्या, "धोंडाबाई ठिवा. घरची रीतच हाय. दगडू ऱ्हायला, हीबी ऱ्हाईल."

शेवंताबाई पाळण्याची दोरी धरून बसली होती. म्हणाली, "लपवाया धोंडी ठिवत्यात. हिला काय लपवायचं? ती कुटं लपून ऱ्हायली हाय? समद्यांच्या म्होरं दम घेतला तिनं. चांगलं नाव ठिवा बाई. लांब, राजाच्या लेकीचं."

मी पाळण्यात वाकले. तिच्या कानात कुर्र केलं आणि म्हटलं, "वैजयंता." बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, जरा जास्तच. एक म्हणाली, "अगं बया, नाव पोरीपरीस लांब!" तेवढ्यात सवयीनं माझं बोट तिच्या तळपायाकडे गेलं. टिचकी मारायच्या आधीच तिनं पाय झाडला, माझं बोट उडवून लावलं.

पाळण्याची दोरी शेवंताबाईच्या हातात होती. मी पुरणपोळी अर्धीच खाऊन उठले. आठ वाजता पाळी होती, आणि खिडकीच्या पेटीत दुपारीच कुणीतरी नवं आलेलं होतं.